त्याच गाडीतून घरी

८ नोव्हेंबर, मोशी

धाराशिवहून सकाळी निघाले आणि दुपारच्या जेवणाला इथे पोचले. बस वेळेवर, शेजारी घोरणारे कुणी नाही, आणि उतरताच जावई न्यायला हजर. याहून चांगला प्रवास मला आठवत नाही. सुजितने माझ्या दोन्ही पिशव्या आणि तुपाचा डबा उचलला आणि मला एका गडद निळ्या, जमिनीला जवळजवळ टेकलेल्या गाडीपाशी नेले. ही कुणाची, असे मी विचारले. आपली, म्हणाला, आणि असा हसला की स्वतःच्या लग्नातल्या फोटोतही तो तसा हसलेला नाही.

गाडी परदेशी बनावटीची. दारे चार, पण चाल शर्यतीच्या गाडीची. नवी घ्यायची तर राहता फ्लॅट विकावा लागला असता; ही वापरलेली, म्हणून साध्या नव्या गाडीच्या भावात मिळाली. चाकण रस्त्यावर जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्या ज्ञानेशकडून मे महिन्यात घेतली. मी सुजितला सांगितले, माझी सारी नोकरी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत झाली. स्वस्तात ऊस आला की आम्ही आधी तो शिळा आहे का ते बघायचो. त्यावर त्याने गाडी मुद्दाम खड्ड्यांवरून नेली आणि विचारले, 'बोला आई, पोटातलं पाणी तरी हललं का?' हलले नव्हते. दिव्यासाठीच घेतली, म्हणाला.

दिव्या माझी एकुलती एक मुलगी. याआधी दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यात गर्भपात झाला. या वेळी सातवा लागला आहे. डॉक्टरांनी जपायला सांगितले आहे आणि जपायला मी आले आहे. बाळ हातात येईपर्यंत इथून हलायचे नाही, हे घरून ठरवूनच निघाले.

दिव्या छान दिसते. गाल भरले आहेत. घर सातव्या मजल्यावर, हवेशीर. बाल्कनीतून खाली पार्किंग आणि पलीकडे चाकणकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग दिसते. स्वयंपाकघरात मीठ कुठे ठेवतात हे मात्र नवराबायको दोघांनाही नक्की माहीत नाही. उद्यापासून शिस्त लावते.

१६ नोव्हेंबर

सुजित काल चेन्नईला गेला. कंपनीने तिथल्या नव्या कारखान्यावर चार महिन्यांसाठी पाठवले आहे. बाळंतपणाला रजा घेऊन येईल. जाताना बायकोची काळजी त्याने मला एका वाक्यात सांगितली आणि गाडीची पाऊण तास. रोज थोडी तरी फिरवायची, नाहीतर बॅटरी उतरते. पेट्रोल महागातलेच भरायचे. टायर एक गेला तरी जोडीनेच बदलायचे. पिवळा दिवा लागला तर घाबरायचे नाही, लाल लागला तर जिथे असू तिथे थांबायचे. मी विचारले, ही आपल्याकडे आहे की आपण हिच्याकडे कामाला आहोत? दिव्या खूप हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

आज मी गाडी बाहेर काढली. कारखान्याची जीप चालवलेल्या बाईला गाडीचे भय नाही; पण ही जीप नव्हे. पायाने नुसते सुचवले तरी पळते. सीट बटणाने मागेपुढे होते आणि माझी जागा तिने लक्षात ठेवली आहे. म्हातारपणी एवढे लाड कुणी केले नव्हते. मोशीच्या बाजारापर्यंत जाऊन भाजी आणली. मेथी स्वस्त, पेट्रोल नाही.

२३ नोव्हेंबर

सकाळी गाडी उजव्या अंगाला खचलेली दिसली. चालवणाऱ्याच्या बाजूची कड टायरवर टेकली होती. आळंदी फाट्याजवळ भैरू नावाचा उदगीरचा माणूस अशा महागड्या गाड्या दुरुस्त करतो, त्याला बोलावले. त्याने सांगितले की या गाडीला साध्या स्प्रिंगा नाहीत, हवेचे फुगे आहेत. जुने झाले की चिरतात, हवा जाते आणि गाडी बसते. या गाड्यांचा हा नेहमीचाच आजार. इंजिनखालून तेलही ठिबकत होते. तोही नेहमीचाच. 'मॅडम, बैल म्हातारा झाला की खुराक वाढतो अन् काम कमी होतं,' म्हणाला. 'तुम्ही बैल स्वस्तात आणलाव, खुराक स्वस्त मिळत नसतोय.'

बिल माझ्या महिन्याच्या पेन्शनच्या वर गेले. सुजितला फोनवर स्पष्ट शब्दांत सांगितले. तो म्हणाला, आता पुढची पाच वर्षे बघायला नको.

३० नोव्हेंबर

पाच वर्षे आठवड्यात संपली. गाडी पुन्हा उजवीकडे बसली. भैरूने फुग्यावर साबणाचे पाणी मारून पाहिले. एक बुडबुडा नाही. हवा जात नाही आणि तरी गाडी बसते. जादा वजन पडल्यासारखी बसते, असे तो बोलला आणि लगेच म्हणाला, सेन्सर असेल.

सीटचेही तसेच. मी बसले की ती आपोआप मागे जाते. इतकी मागे की माझे पाय अधांतरी. आधीचा मालक उंच असणार, त्याची जागा यंत्रात राहून गेली असेल. भैरूने सीटची तारच काढून टाकली. आज सकाळी दार उघडले तर सीट पुन्हा मागे. तार नसताना. मोजमाप चुकले की आधी यंत्र तपासावे, मग तपासणाऱ्याला तपासावे, हा माझा जन्माचा नियम. खाचेत झिजली असेल. घसरत असेल.

दिव्याला डोहाळे लागले आहेत आणि तेही या गाडीचेच. कुणाला चिंच हवी असते, कुणाला भिजलेली माती. हिला गाडीतल्या कातड्याचा वास हवा. दुपारी डबा घेऊन खाली जाते आणि डावीकडच्या सीटवर बसून जेवते. गरोदर बाईच्या डोहाळ्यांना नाही म्हणू नये, असे माझी आई म्हणायची. शास्त्र म्हणूनही त्यात तोटा काही नाही. जाऊ दिले.

४ डिसेंबर

तपासणीसाठी चाकणला निघालो. दिव्याच्या डॉक्टर तिथल्याच. आधीच्या दोन्ही वेळी त्यांनीच सांभाळले, म्हणून तिला दुसरीकडे जायचे नाही. चिंबळी फाटा ओलांडेपर्यंत गाडी उत्तम. कुरुळीच्या वळणावर लाल दिवा. जोर गेला आणि गाडी गोगलगायीसारखी सरकत आत गावाच्या रस्त्याला लागली. सुजितने सांगितले होते तशी मी थांबणारच होते, पण मागून कंपनीची बस हॉर्न वाजवत होती. एका दुमजली घरासमोर इंजिन आपोआप बंद पडले.

घरातून एक म्हातारी तांब्या घेऊन बाहेर आली. जणू कुणी कळवले होते. मंजुळाबाई तिचे नाव. तिने आमच्याकडे पाहिले नाही. ओल्या हाताने गाडीचे नाक पुसले, जसे शेंबड्या पोराचे पुसतात. मग आत वाकून पाहिले आणि दिव्याचे पोट दिसताच तांब्या खाली ठेवला. 'आली व्हय बाई,' म्हणाली. 'ये, ऊन हाय. आत ये.'

गाडी तिच्या मुलाची. रविराज तिचा धाकटा. मागच्या वर्षी भाद्रपदात डेंग्यूने गेला. तापाने फणफणला आणि आठवडाभरात संपला. जमीन कंपन्यांसाठी गेली तेव्हा त्याच्या वाट्याला आलेल्या पैशांतून त्याने ही घेतली होती. लग्न केले नव्हते. ज्ञानेशने यातले अवाक्षर सुजितला सांगितले नव्हते. अर्थात गाडीत कुणी मेलेले नाही, तेव्हा सांगण्यासारखे काही नव्हते असेही म्हणता येईल.

एक गोष्ट लिहून ठेवते. मंजुळाबाई पाणी देते म्हणाली, तोवर दिव्या स्वतः उठून मागच्या सोप्यात गेली आणि माठातून पाणी घेऊन आली. माठ बाहेरून दिसत नव्हता. विचारले तर म्हणाली, घरांमध्ये माठ मागेच असतो ना.

परत निघताना गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली.

९ डिसेंबर

आज दुपारी कपडे वाळत घालताना खाली नजर गेली. दिव्या रोजच्यासारखी गाडीत, डावीकडे. काच खाली. ती बोलत होती, मान उजवीकडे वळवून. फोन हातात नव्हता, तो वर टीपॉयवर पडलेला मला दिसत होता. उजवीकडची सीट रिकामी होती. गाडी उजव्या अंगाला बसलेली.

दिव्या उतरली. दार लावले. लिफ्टकडे चालू लागली.

त्यानंतर गाडीची उजवी बाजू हळूहळू वर आली. कुणी जड माणूस उतरावा तशी.

मी भर उन्हात उभी होते. डोळ्यांचे ऑपरेशन झाल्यापासून मला लांबचे स्वच्छ दिसते. हे लिहिताना मी कोणतेही कारण देत नाही, कारण माझ्यापाशी ते नाही.

१४ डिसेंबर

डोहाळजेवण झाले. नावेतले, झोपाळ्यावरचे, चांदण्यातले डोहाळजेवण मी पाहिले आहे. दिव्याने हट्ट धरला की गाडीतलेच करायचे. मी कडक शब्दांत नाही म्हटले. ती दोन जेवणे जेवली नाही. या अवस्थेत मी हट्टाला पेटणार नव्हते.

पार्किंगमध्ये रांगोळी घातली, गाडीला झेंडूच्या माळा बांधल्या. शेजारची सायली आणि सोसायटीतल्या बायका खुशीत होत्या. फुलांचे दागिने घालून दिव्या डाव्या सीटवर बसली. ओवाळायला निरांजन घेतले आणि सुस्कारा सोडल्यासारखा आवाज होऊन गाडी उजवीकडे कलली. 'अगंबाई, गाडीला पण दिवस गेले वाटतं!' सायली म्हणाली आणि सगळ्या खो खो हसल्या. दिव्याही हसली. तिला आश्चर्य वाटले नव्हते.

मंजुळाबाई आली होती, थोरल्या सुनेला, दीपालीला घेऊन. मी बोलावले नव्हते. दिव्या रोज तिच्याशी फोनवर बोलते हे मला तिथे कळले. तिने ओटी भरली आणि मग हात पोटावर ठेवला. किती वेळ. खाली वाकून काहीतरी पुटपुटली. दिव्याशी नव्हे. पोटाशी.

मग दोन झाकलेल्या वाट्या पुढे केल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला की मुलगा, असा तो खेळ. दिव्याने वाटी उघडली तेव्हा सगळ्या बायका वाकून बघत होत्या. मंजुळाबाई बघत नव्हती. ती पदराने गाडीचा आरसा पुसत होती.

१९ डिसेंबर

आज एकटी रिक्षाने कुरुळीला गेले आणि मंजुळाबाईच्या थोरल्या मुलाला गाठले. गणराज त्याचे नाव. कंपन्यांना बसगाड्या पुरवतो. बोलायला नाखूश होता. मी उठत नाही म्हटल्यावर चहा मागवला आणि सांगितले.

रविराजच्या दहाव्याला इंद्रायणीच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना. झाडावर ढीगभर कावळे, पण एक खाली उतरेना. रिवाजाप्रमाणे एकेकाने पुढे होऊन मेलेल्याला शब्द दिला. आईला सांभाळतो म्हणून झाले. घराचा वरचा मजला पुरा करतो म्हणून झाले. ऊन वर आले. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. तेव्हा गणराज म्हणाला, रव्या, तुझी गाडी विकत नाही, ती घरीच ठेवतो. तो एवढे बोलला आणि कावळा पिंडावर उतरला.

'आणि विकलीत,' मी म्हणाले.

'पोसू कशी, मावशी?' तो म्हणाला. 'इमा भरायचा, टायर टाकायचं. चालू न्हाई केली तर बॅटरी मरती, चालू केली तर काहीतरी तुटतं. त्या एका गाडीपायी माझ्या दोन बसचं हप्तं थकलं. बोलायचं म्हणून बोललो. तिथं सगळीच बोलत्यात. कोण बघाया येतंय?'

हे शेवटचे तो हळू आवाजात म्हणाला.

मी बी.एस्सी. झाले तेव्हा आमच्या गावात मुली मॅट्रिकही होत नसत. माझ्या नवऱ्याच्या पिंडाला कावळा लगेच शिवला होता, कारण तिथे कावळे भुकेले होते. मी या गोष्टी मानत नाही. घरी येऊन कॅलेंडर काढले. गाडी मे महिन्यात आली. दिव्याला दिवस मे महिन्यात राहिले. दोनदा मोजले आणि कॅलेंडर उलटे करून ठेवले.

२६ डिसेंबर

गाडी विकायची. सुजित फोनवर ओरडला, मी म्हणाले, तुझे पैसे मी भरून देईन, प्रश्न संपला. ज्ञानेशने तीन गिऱ्हाईके पाठवली. प्रत्येकासमोर गाडी मेली. बॅटरी नवी, तरी मेली. गिऱ्हाईक फाटकाबाहेर गेले की सगळे दिवे लागत. ज्ञानेश आता माझा फोन घेत नाही. भैरूने हात जोडले. म्हणाला, 'मॅडम, माझ्याच्यानं होत नाही. ह्यात बिघाडच नाही, तर काढू काय?'

दिव्याने आज भाकरीबरोबर कच्चा कांदा बुक्कीने फोडून खाल्ला. लहानपणापासून तिला कांद्याचा वास सहन होत नाही.

२ जानेवारी

दिव्या फोनवर बोलत होती. दार लोटलेले. 'व्हय, येतो,' म्हणाली. 'तू जेव. माझी वाट नको बघू, आये.'

येतो, म्हणाली.

मी दार उघडले. तिने माझ्याकडे पाहिले. काही क्षण मी कोण ते तिला आठवत नव्हते. मग डोळे भरून आले, आणि आई मला काय होतंय म्हणून माझ्या कुशीत शिरली. ती माझी दिव्या होती. ती आत आहे. तिला आणि बाळाला मी सुखरूप बाहेर काढणार. दुसरे काहीही महत्त्वाचे नाही.

५ जानेवारी

विचार करून निर्णय घेतला. शब्द दिला होता की गाडी विकत नाही, घरीच ठेवतो. ठीक. मानो वा न मानो, ज्याची त्याला परत करावी. मोफत. मग कुणाचे काही देणे उरत नाही.

सकाळी एकटी घेऊन निघाले. एकही दिवा लागला नाही. चाकण रस्त्यावर ट्रकांची गर्दी, पण मला वाट मिळत गेली. कुरुळीचे वळण मी घेतले की गाडीने, सांगता येणार नाही; स्टीअरिंगवर हात माझेच होते.

गणराज घेईना. पुन्हा तोच खर्च नको, म्हणाला, पाहिजे तर पाया पडतो. मंजुळाबाईने त्याच्याकडे नुसते पाहिले. त्याने किल्ली घेतली. तिने गाडीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, 'तुमी लई मोठं काम केलं बगा, इहीणबाई.'

विहीण.

चुकून म्हणाली असेल. मी रिक्षाने परतले. पार्किंगमधली रिकामी जागा पाहून बरे वाटले. फार बरे वाटले.

१० जानेवारी

दिव्या रडत नाही, भांडत नाही. जेवते. गाडीचे नावही नाही. शांत आहे.

गाडी हवी म्हणून रडली असती तर बरे झाले असते. जिचे सामान पुढे पोचले आहे आणि आता फक्त आपण जायचे आहे, तशी बसून असते.

१७ जानेवारी, चाकण

पहाटे कळा सुरू झाल्या, तारखेच्या आधीच. सायलीच्या नवऱ्याने त्याच्या साध्या, खडखडणाऱ्या गाडीतून आणले. कुरुळीच्या वळणावर मी दिव्याचा हात घट्ट धरला. काही झाले नाही. सरळ पुढे गेलो.

मुलगा. वजन चांगले. दिव्या ठीक. दोघे सुखरूप.

सुजितला कळवले. धुक्याने विमाने रखडली आहेत; उद्या संध्याकाळी पोचेल.

मी रडले. लिहायला हरकत नाही. जिंकले.

१८ जानेवारी, सकाळ

बाळ रात्रभर रडले. अंगावर पीत नाही. डॉक्टर म्हणतात, पहिल्या दिवशी होते. दिव्या त्याला जवळ घेत नाही. सारखी खिडकीकडे बघते. म्हणते, आता येतील.

कोण, विचारले.

घरचे.

दुपार

खालून इंजिनचा आवाज आला. तो आवाज मी कुठेही ओळखेन. बाळ रडायचे थांबले. मध्येच. तोंड उघडे, पण आवाज नाही. ऐकत असल्यासारखे.

खिडकीतून पाहिले. निळी गाडी. धुतलेली. झेंडूच्या माळा. गणराज दार उघडून उभा. आईच्या धाकाने आला असेल. चेहरा पांढरा.

मंजुळाबाई आणि दीपाली वर आल्या आहेत. हातात टोपडे, दुपटे. नर्स म्हणते, घरचे न्यायला आलेत ना, मग अडवता कशाला? दिव्याने त्यांना तसेच सांगितले आहे. स्वतःच्या जबाबदारीवर कागदावर सहीही केली आहे. सही वाचली. तिची नाही. ती अशी वळणाची सही करत नाही —

मी दीपालीला विचारले, गाडी तर परत दिली, आता काय हवे? ती रडत होती. म्हणाली, ताई, ह्यांनी तुम्हाला अर्धंच सांगितलं. घाटावर ते नुसतं गाडी ठेवतो म्हणाले नव्हते. म्हणाले, गाडी घरीच ठेवतो, तू परत ये, तुला त्याच गाडीतून घरी आणतो. तेव्हा कावळा शिवला. दारात गाडीच नव्हती, तोवर भावजींना आणता येत नव्हतं. आता आहे.

मी दिली. मी नेऊन दिली. स्वतः चालवत.

सुजितचा फोन लागत नाही. विमानात असेल —

दिव्या उठली आहे. कालची बाळंतीण, टाके पडलेले, आणि ताठ चालते. चप्पल न घालता. आये, चल, म्हणते. माझ्याकडे बघत नाही.

बाळ माझ्यापाशी. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले आहे, पाठ भिंतीला. डाव्या हाताने छातीशी धरले आहे. उजव्या हाताने लिहिते. वही मांडीवर. लिहीत राहायचे. लिहिताना हात ताब्यात राहतो, हे आत्ताच लक्षात आले. थांबले की —

मंजुळाबाई पुढे आली. प्रेमाने हात पसरते आहे. द्या म्हणते. 'लई लांबून आलाय तो. दमलाय.' मी नाही म्हणाले. मोठ्याने म्हणाले. नर्सने वळून पाहिले, म्हणजे आवाज फुटला होता.

बाळ माझ्याकडे बघत नाही. एका दिवसाच्या बाळाला लांबचे दिसत नाही. हे दाराकडे बघते आहे. हसते —

देणार नाही. माझ्या दिव्याचे आहे. माझे आहे. देणार नाही. देणार नाही. उजवा हात लिहितो आहे, तो माझा आहे, अक्षर माझे आहे. डाव्या हाताकडे मी बघत नाही. तो पुढे —